केली बार्न्स धरण

केली बार्न्स धरण हे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील स्टीफन्स काउंटीमध्ये टोकोआ क्रीक या ओढ्यावर असलेले मातीचे लहान खासगी धरण होते. टोकोआ फॉल्स बायबल कॉलेज या शिक्षणसंस्थेच्या मालकीचे हे धरण ६ नोव्हेंबर १९७७ रोजी रात्री दीडच्या सुमारास फुटले. धरणाखाली टोकोआ धबधबा आणि धबधब्याच्या पायथ्याशी संस्थेचे आवार होते. धरणाच्या पाण्याने त्या आवारातील वस्ती वाहून नेली. या दुर्घटनेत ३९ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांत २० मुले होती. मालमत्तेची हानी सुमारे २८ लाख डॉलर इतकी झाली.

पाणीसाठ्याच्या दृष्टीने हे धरण अगदी किरकोळ होते. तरीही अमेरिकेतील धरणसुरक्षेच्या इतिहासात त्याचा उल्लेख वारंवार येतो. खासगी व स्थानिक मालकीच्या धरणांची देशव्यापी तपासणी कायद्याने १९७२ मध्येच मंजूर झाली होती. ती प्रत्यक्षात सुरू झाली ती या घटनेनंतर. वापर संपलेल्या पण पाणी अडवतच राहिलेल्या धरणाच्या देखभालीचा प्रश्नही या धरणफुटीने पुढे आणला.

स्थान

टोकोआ हे जॉर्जियाच्या ईशान्य भागात, ॲपलाचियन पर्वताच्या पायथ्याशी वसलेले शहर आहे. शहराजवळून वाहणारा टोकोआ क्रीक हा ओढा १८६ फूट (सुमारे ५७ मीटर) उंचीच्या कड्यावरून खाली कोसळतो. धरण या कड्याच्या वरच्या अंगाला सुमारे अर्ध्या मैलावर होते. त्याचे पाणलोट क्षेत्र ४.६ चौरस मैल, म्हणजे सुमारे १२ चौरस किलोमीटर होते. धबधब्याखालच्या चिंचोळ्या दरीत ओढ्याच्या दोन्ही बाजूंना संस्थेच्या इमारती, वसतिगृह, शिक्षकांची घरे आणि विवाहित विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी चाकांवरच्या घरांची वसाहत होती. धरण आणि वस्ती यांच्यामध्ये कड्याखेरीज दुसरा कोणताही अडसर नव्हता, आणि कड्यामुळे पाण्याचा वेग उलट वाढणारच होता.

बांधकाम

धरण एका वेळी, एका आराखड्यानुसार बांधले गेले नाही; ते तीन टप्प्यांत वाढत गेले.

पहिला टप्पा १८९९ मधला. त्या वर्षी एका लहान जलविद्युत केंद्रासाठी ओढ्यावर लाकडी चौकटींत दगड भरून बांध घालण्यात आला. १९३७ मध्ये विजेचा अधिक भरवशाचा पुरवठा हवा म्हणून संस्थेने हीच जागा निवडली आणि जुना दगडी बांध तसाच आत ठेवून त्यावर मातीचा भराव घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर भराव पुन्हा उंच करण्यात आला आणि डाव्या बाजूस मातीतच एक दुय्यम सांडवा काढण्यात आला. अखेरच्या स्थितीत धरणाची लांबी सुमारे ४०० फूट (१२२ मीटर) आणि माथ्याची रुंदी सुमारे २० फूट (६ मीटर) होती. उंची निरनिराळ्या नोंदींत ३८ ते ४२ फूट (११.६ ते १२.८ मीटर) अशी दिलेली आढळते. जलाशयाचा विस्तार सुमारे ४० एकर होता. नेहमीच्या पातळीला त्यात ४१० एकर-फूट, म्हणजे सुमारे पाच लाख घनमीटर पाणी साठत असे.

मातीचे धरण टप्प्याटप्प्याने उंच करण्यात एक अडचण असते. उतार तोच ठेवून उंची वाढवायची, तर पायाची रुंदीही त्याच प्रमाणात वाढवावी लागते. म्हणजेच खालच्या अंगाला बरीच नवी माती घालून ती थराथराने दाबावी लागते. हे टाळून केवळ माथा चढवला की उतार तीव्र होतो. मातीच्या लहान धरणाचा खालचा उतार सामान्यतः दोनास एक (दोन फूट आडवे अंतर, एक फूट उंची) किंवा त्याहून सौम्य ठेवतात. केली बार्न्स धरणाच्या खालच्या उताराचा तळाकडील भाग जवळजवळ एकास एक, म्हणजे ४५ अंशांचा होता. शिवाय भरावाच्या पोटात लाकूड आणि दगड यांचा जुना बांध दडलेला होता. मातीखाली गाडलेले लाकूड कालांतराने कुजते, दगड खचतात आणि आत पोकळ्या निर्माण होतात. बाहेरून मात्र गवताने झाकलेला सपाट उतारच दिसतो.

दुर्घटनेनंतर शोध घेतला असता धरणाचे मूळ आराखडे व तपशील उपलब्ध झाले नाहीत. चौकशी करणाऱ्यांना बांधकामाचा इतिहास स्थानिक लोकांच्या आठवणी, खासगी छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील मजकूर यांवरून जुळवावा लागला.

१९५७ नंतरची स्थिती

१९५७ मध्ये येथील वीजनिर्मिती बंद झाली. त्यानंतर जलाशयाचा उपयोग केवळ विरंगुळ्यासाठी होत राहिला. धरणाच्या आयुष्यातील हा खरा वळणबिंदू म्हणावा लागेल. वीज मिळत होती तोवर यंत्रे, नळ, झडपा आणि बांध यांकडे कोणाचे तरी रोजचे लक्ष असणे भाग होते, कारण बिघाड झाला की दिवे जात. वीज बंद झाल्यावर धरण बिघडल्याची वर्दी देणारे काही उरले नाही. भरावावरचा पाण्याचा दाब मात्र १९५७ पूर्वी जितका होता तितकाच राहिला.

या काळातील एक पुरावा विशेष महत्त्वाचा आहे. १९७३ मध्ये घेतलेल्या एका छायाचित्रात धरणाच्या खालच्या उतारावर सुमारे १२ फूट उंच व ३० फूट रुंद भाग घसरून पडलेला स्पष्ट दिसतो. उतारावरची अशी घसरण ही मातीच्या धरणातील गंभीर लक्षणांपैकी एक समजली जाते. उताराची माती स्वतःचे वजन पेलू शकत नाही, किंवा आत पाझर वाढून ती भिजली आहे, असे दोनच अर्थ तिच्यातून निघतात. धरण फुटले ते या छायाचित्रानंतर चार वर्षांनी.

त्या वेळी जॉर्जियात खासगी धरणांच्या सुरक्षिततेविषयी कोणताही राज्य कायदा नव्हता. मालकाने अभियंत्याकडून धरण तपासून घ्यावे, असे बंधन त्याच्यावर नव्हते. राज्याच्या अभियंत्यालाही ते तपासण्याचे अधिकार नव्हते.

धरणफुटी

२ ते ५ नोव्हेंबर १९७७ या काळात परिसरात सुमारे ७ इंच (१७८ मिलिमीटर) पाऊस पडला. त्यातला जवळजवळ निम्मा ५ तारखेच्या संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या सहा तासांत पडला. जलाशयाची पातळी वाढली आणि साठा नेहमीच्या ४१० वरून अंदाजे ६३० एकर-फुटांवर (सुमारे ७.८ लाख घनमीटर) गेला. ओढ्याचे पाणी चढत असल्याने संस्थेच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे काही सदस्य रात्री जागे राहून लक्ष ठेवत होते. आवारातील बहुतेक कुटुंबे झोपलेली होती.

रात्री दीडच्या सुमारास भराव फुटला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या अंदाजानुसार धरणाच्या खालच्या बाजूस पाण्याचा कमाल विसर्ग सुमारे २४,००० क्युसेक (सुमारे ६८० घनमीटर प्रतिसेकंद) होता. लोंढा कड्यावरून कोसळून काही मिनिटांत आवारात शिरला. चाकांवरची घरे पाया नसल्याने उचलली गेली, काही एकमेकांवर आदळून फुटली. वसतिगृहाच्या तळमजल्यावर पाणी घुसले. धोक्याची सूचना घरोघरी पोहोचवण्याइतका अवधी मिळाला नाही. दुर्घटनेनंतर तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांनी घटनास्थळाला भेट दिली. कार्टर हे स्वतः जॉर्जियाचे माजी गव्हर्नर होते.

चौकशी

केंद्र सरकारच्या अभियंत्यांच्या चौकशी मंडळाने आपला अहवाल २१ डिसेंबर १९७७ रोजी जॉर्जियाचे गव्हर्नर जॉर्ज बस्बी यांना सादर केला. मंडळाने कोणत्याही एका कारणावर बोट ठेवले नाही. अनेक कारणे एकत्र आल्याने धरण फुटले, असा निष्कर्ष काढला. मंडळाच्या मते सर्वाधिक संभाव्य घटनाक्रम असा होता : खालच्या तीव्र उताराचा काही भाग घसरला, आणि ही घसरण बहुधा भरावातील अंतर्गत धुपेशी निगडित होती, त्यामुळे माथ्याला एका ठिकाणी खिंडार पडले, त्यातून वाहणाऱ्या पाण्याने माती झपाट्याने झिजली, खालचा भराव पाण्याने भरून गेला आणि शेवटी संपूर्ण धरण कोसळले. पोटातील जुना दगडी बांध हलल्यामुळे भरावाचा आधार गेला असावा, तसेच खालच्या पातळीवरील विसर्ग नळाचे तोंड तुंबल्याने पाणी वाजवीपेक्षा अधिक चढले असावे, या शक्यताही विचारात घेण्यात आल्या.

यांपैकी एकही कारण त्या रात्रीपुरते नव्हते. तीव्र उतार तीस वर्षांचा, दगडी बांध पाऊणशे वर्षांचा आणि घसरणीची खूण किमान चार वर्षांची होती. पावसाने निमित्त पुरवले.

देखभालीचे तांत्रिक स्वरूप

मातीचे कोणतेही धरण पूर्णपणे जलरोधक नसते. साठलेले पाणी भरावातून अत्यंत सावकाश झिरपत असते. भरावाच्या आत ओल्या आणि कोरड्या मातीच्या दरम्यान एक सीमा असते, तिला पाझररेषा म्हणता येईल. ही रेषा वरच्या बाजूकडून खाली उतरत येऊन पायथ्याजवळ, शक्यतो वाळू व खडीच्या गाळणथरात संपावी, अशी रचना केलेली असते. ती वर सरकून उतारावरच बाहेर पडू लागली, की उताराची माती भिजते, तिची पकड कमी होते आणि घसरण सुरू होते. पाझराबरोबर मातीचे कणही वाहून जाऊ लागले तर बाहेर पडण्याच्या जागी छिद्र तयार होते आणि ते मागे मागे, जलाशयाच्या दिशेने वाढत जाते. या अंतर्गत धुपेलाच अभियंते पायपिंग म्हणतात. छिद्र जलाशयाला भिडले की पुढचा प्रकार काही तासांचा असतो.

यामुळे पाझर आहे की नाही यापेक्षा पाझर कसा आहे हे पाहणे महत्त्वाचे ठरते. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी, एकाच प्रमाणात येणारे स्वच्छ पाणी सहसा चिंतेचे नसते. पाणी गढूळ झाले, त्याचे प्रमाण जलाशयाची पातळी तीच असताना वाढले, किंवा ते नव्या जागी दिसू लागले, तर मात्र अभियंत्याला तातडीने बोलवावे लागते. पायथ्याजवळ ‘व्ही’ आकाराची खाच असलेली फळी बसवून त्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजणे हा पाझर मोजण्याचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. उतारावर एखाद्याच पट्ट्यात उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत किंवा उगवलेले पाणकणीस हीदेखील पाझराचीच खूण असते. गढूळ पाझर दिसताच त्याच्या तोंडाशी चिकणमाती ठासून ते बुजवण्याकडे मालकांचा कल असतो. तो उपाय घातक आहे, कारण पाणी थांबत नाही, आतला दाब वाढतो आणि ते दुसरीकडे वाट काढते. योग्य तात्पुरता उपाय म्हणजे तेथे वाळूचा आणि त्यावर खडीचा थर देऊन पाणी वाहू देणे व माती मात्र अडवणे, आणि त्याच वेळी जलाशयाची पातळी खाली आणणे.

पातळी उतरवतानाही सावधगिरी लागते. जलाशय झपाट्याने रिकामा केला तर वरच्या उताराला असलेला पाण्याचा आधार जातो, आतली माती मात्र भिजलेलीच राहते आणि वरचा उतार घसरतो. म्हणून प्रत्यक्ष संकट नसेल तेव्हा पातळी दिवसाला साधारणतः फुटाच्या आतच उतरवतात. त्यासाठी मुळात तळाच्या नळाची झडप चालती असावी लागते. वर्षातून एकदा तरी ती पूर्ण उघडून बंद करावी, असा संकेत आहे. जुन्या खासगी धरणांवर गंजून घट्ट बसलेली झडप ही नेहमी आढळणारी बाब आहे. अशा वेळी संकटकाळी पंप किंवा वक्रनलिकेचाच आधार उरतो. भरावातून जाणारे लोखंडी पत्र्याचे नळ काही दशकांत गंजतात. नळाला भोक पडले की माती नळात शिरते, आणि नळाच्या बाहेरील बाजूने पाणी वाहू लागले तर तेथेही पायपिंग होते. बाहेरून हे दिसत नसल्याने नळात कॅमेरा सोडून तपासणी करतात.

झाडांविषयी मालक आणि अभियंते यांच्यात नेहमी मतभेद होतात. भरावावरची झाडे माती धरून ठेवतात, असा सर्वसामान्य समज आहे. तो डोंगरउताराला लागू असला तरी धरणाला लागू पडत नाही. झाडांची मुळे पाण्याच्या शोधात भरावात खोल जातात. झाड मेल्यावर ती कुजून पाण्याला आयत्या वाटा मिळतात. वादळात मोठे झाड उन्मळले तर मुळांच्या गड्ड्याबरोबर भरावाचा लचकाच निघतो. झाडीमुळे उतार नजरेआड होतो, हा तिसरा आणि कदाचित सर्वांत मोठा तोटा. त्यामुळे भरावावर केवळ आखूड मुळांचे गवत राखावे आणि ते वर्षातून एकदोनदा कापावे, रोपटी उगवताच उपटावीत, असा नियम आहे. झाडे वाढून बसली असतील तर ती नुसती तोडून चालत नाही. बुंधा जागेवर कुजू दिला तर धोका लांबणीवर पडतो इतकेच. जलाशय उतरवून, बुंधा मुळांसकट काढून, खड्डा योग्य मातीने थराथराने दाबून भरावा लागतो. हा खर्च मोठा असल्याने तीस-चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिलेले धरण पूर्ववत करणे अनेक मालकांना परवडत नाही.

बिळे करणारे प्राणी हा त्याच प्रकारचा उपद्रव होय. अमेरिकेत बीव्हर आणि मस्करॅट, तर भारतात घुशी व खेकडे भराव पोखरतात. अशी बिळे वेळीच शोधून भरली तर त्यांचा धोका राहत नाही.

सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून काही काळ पाणी ओसंडले तरी ते टिकू शकते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून वाहणारे पाणी भराव कापत जाते. म्हणून सांडवा मोकळा ठेवणे, त्यातील गाळ, ओंडके, झुडपे काढणे, तसेच माथा कोठे खचला असल्यास तो पुन्हा समपातळीत आणणे ही कामे पावसाळी हंगामापूर्वी करावी लागतात. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बसवण्याची पद्धत फार धोक्याची आहे. पेनसिल्वेनियातील साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबच्या मालकीचे होते. तेथे सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या, माथा खाली आणला होता आणि तळाचे विसर्ग नळ पूर्वीच काढून टाकलेले होते. ३१ मे १८८९ रोजी ते फुटून जॉन्सटाउन परिसरात २,२०९ लोक मृत्युमुखी पडले.

ही सर्व कामे साधी आहेत. त्यांना लागणारी साधने म्हणजे विळा, फावडे, मोजपट्टी, कॅमेरा आणि नोंदवही. त्यांतही नोंदवही सर्वांत महत्त्वाची, कारण धरणाचा बिघाड एका दिवसाच्या पाहणीत क्वचितच कळतो. गेल्या वर्षी काय होते आणि यंदा काय आहे, या तुलनेतून तो कळतो. १९७३ च्या छायाचित्रात दिसणारी घसरण अशा वहीत नोंदली गेली असती, तर तिच्यापुढे काय केले, हा प्रश्न कोणाला तरी विचारता आला असता.

मालकी आणि उत्तरदायित्व

आपल्या जमिनीवर पाणी साठवणाऱ्याने ते निसटल्यास होणाऱ्या हानीची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व इंग्लंडमधील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ मध्ये प्रस्थापित झाले. तो खटलाही गिरणीसाठी बांधलेल्या खासगी जलाशयातील पाणी शेजारच्या खाणीत शिरल्यामुळेच उद्भवला होता. परंतु हानीनंतरची भरपाई आणि हानीपूर्वीची तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी धरण वारसाने किंवा जमिनीच्या खरेदीबरोबर हस्तांतरित होते. नव्या मालकाला तळे दिसते. आपण धरणाचे मालक झालो आहोत, हे अनेकदा त्याच्या ध्यानात येत नाही. दुरुस्तीचा खर्च त्याने करायचा असतो, लाभ मात्र खाली राहणाऱ्या लोकांच्या सुरक्षिततेच्या रूपाने दुसऱ्यांनाच मिळतो. देखभाल रखडण्याचे हे मूळ आहे. टोकोआ येथे मालक आणि खाली राहणारे लोक एकाच संस्थेचे होते. तेथेही ती रखडली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

धरणाची धोकाश्रेणी आणि धरणाची स्थिती यांत अनेकदा गल्लत होते. ‘अधिक धोक्याचे’ धरण याचा अर्थ कमकुवत धरण असा नाही. ते फुटल्यास जीवितहानी संभवते, इतकाच त्याचा अर्थ आहे. म्हणजे धरणाला हात न लावताही त्याची श्रेणी बदलू शकते. शेतात बांधलेल्या बांधाखाली वीस वर्षांनी घरे उभी राहिली, की तोच बांध वरच्या श्रेणीत जातो आणि त्याचा सांडवा मोठ्या पुरासाठी अपुरा ठरतो.

कायदेशीर परिणाम

वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ लोक मरण पावले. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने धरण तपासणीचा राष्ट्रीय कायदा संमत केला. त्यानुसार धरणांची सूची तयार झाली. खासगी धरणांच्या प्रत्यक्ष तपासणीसाठी मात्र निधी मिळाला नाही. टोकोआच्या घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाला तपासणी सुरू करण्याचा आदेश दिला. १९७८ ते १९८१ या काळात केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली, अधिक धोक्याची सुमारे ९,००० धरणे तपासण्यात आली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित आढळली. केंद्रीय यंत्रणांसाठी धरणसुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली.

जॉर्जियाने १९७८ मध्ये स्वतःचा सुरक्षित धरण कायदा केला. २५ फूट किंवा अधिक उंचीची, अथवा १०० एकर-फूट किंवा अधिक साठ्याची धरणे त्याच्या कक्षेत येतात. फुटल्यास जीवितहानी संभवते अशी धरणे पहिल्या वर्गात मोडतात आणि त्यांना परवाना व नियमित तपासणी आवश्यक असते. दुसऱ्या वर्गातील धरणांखाली नवी वस्ती झाली आहे का, हे ठरावीक काळाने पाहिले जाते. केली बार्न्स धरण उंची आणि साठा या दोन्ही निकषांवर या कायद्याखाली आले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सूचीत आज ९०,००० हून अधिक धरणे आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत.

भारतातील तरतुदींशी तुलना

भारताचा धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांसाठी माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर किंवा कमाल पूरविसर्ग किमान २,००० घनमीटर प्रतिसेकंद यांपैकी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. पाया विशेष अडचणीचा किंवा रचना असाधारण असल्यासही कायदा लागू होतो. केली बार्न्स धरणाची उंची याच मधल्या पट्ट्यात होती. त्याची १२२ मीटर लांबी, ७.८ लाख घनमीटर साठा किंवा फुटतेवेळचा ६८० घनमीटर विसर्ग पाहता ते कायद्यातील संख्यात्मक अटींपैकी एकाही अटीत बसले नसते.

महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री फुटून वीसहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. ते धरण सरकारी होते, त्यामुळे मालकीच्या दृष्टीने दोन्ही घटनांची तुलना होऊ शकत नाही. परंतु धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. फुटीचे खापर खेकड्यांवर फोडणारे एका मंत्र्याचे विधान त्या वेळी बरेच गाजले.

सद्यस्थिती

केली बार्न्स धरण पुन्हा बांधण्यात आले नाही आणि जलाशयही पुन्हा भरला गेला नाही. टोकोआ क्रीक आता मोकळा वाहतो. संस्था टोकोआ फॉल्स कॉलेज या नावाने त्याच आवारात चालू आहे. धबधबा पर्यटकांसाठी खुला असून, त्याच्या परिसरात दुर्घटनेतील ३९ मृतांचे स्मारक आहे.